निवड करणारा पडदा



या शाळेच्या व्यासपीठावर उभे राहताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले आहे. याच सभागृहात, समोरच्या रांगांत मांडी घालून, मी अनेक व्याख्याने ऐकली. काही समजली, बरीचशी समजली नाहीत. आज इकडच्या बाजूला उभे राहण्याचा मान चालकांनी मला दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय कोणता, असे त्यांनी विचारले तेव्हा मी ‘पडदा’ असे उत्तर दिले. त्यांना वाटले, मी नाटकावर बोलणार. बडोद्याच्या मराठी माणसाकडून ती अपेक्षा स्वाभाविकच आहे. परंतु मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. माझा पडदा कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ आहे आणि तो प्रत्येक सजीवाच्या प्रत्येक पेशीभोवती आहे. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘पटल’ म्हणतात.

हा विषय मला सरांनीच दिला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. १९६७ साली मी नववीत होतो. एके दिवशी सर वर्गात दोन बटाटे घेऊन आले. एक कच्चा, एक उकडलेला. दोन्ही सोलून त्यांनी तळाशी सपाट कापले आणि मध्ये कोरून त्यांच्या वाट्या केल्या. दोन्ही वाट्यांत साखरेचा दाट पाक ओतला, पाकाची पातळी जिथे होती तिथे टाचणी टोचली आणि बटाटे पाण्याच्या बशीत ठेवून कपाटाला कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो कच्च्या बटाट्यातील पाक टाचणीच्या बराच वर चढलेला. उकडलेल्यातला मात्र चढलेला नाही. आम्ही कारण विचारले. सर म्हणाले, “कच्च्या बटाट्यात अजून दार आहे, आणि दारावर माणूस आहे. उकडलेल्यात दार उघडे टाकून माणूस निघून गेला आहे.”

त्या वेळी आम्ही हसलो. आज मागे वळून पाहता, पटलांविषयी याहून नेमके वाक्य मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. भिंत आडवी येते आणि सर्वांनाच अडवते. चाळणी आकार पाहते, बाकी काही पाहत नाही. जिवंत पटल यांहून निराळे आहे. ते आडही असते आणि वाटही असते. कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे, याची ते निवड करते. ही निवड जोवर चालू आहे तोवर जीवन आहे. आजच्या व्याख्यानाचे सूत्र एवढेच.

कच्च्या बटाट्यात घडले ते असे. बटाट्याच्या पेशींची पटले पाण्याला सहज जाऊ देतात, साखरेला जवळजवळ जाऊ देत नाहीत. अशा पटलाच्या एका बाजूस पातळ आणि दुसऱ्या बाजूस दाट द्रावण असले की पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे ओढले जाते. पाठ्यपुस्तकात याला परासरण म्हणतात. ‘तर्षण’ असाही एक जुना मराठी पारिभाषिक शब्द आहे आणि मला तो अधिक आवडतो. तर्ष म्हणजे तहान. दाट द्रावणाला जणू पाण्याची तहान लागलेली असते. बटाटा उकडला की पटले फाटतात, साखर आणि पाणी वाटेल तसे ये-जा करू लागतात आणि ही ओढच संपते.

प्रयोगशाळेत या गोष्टीची नोंद १७४८ साली फ्रान्समधील आबे नोले यांनी केली. त्यांनी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मद्यार्क भरला, तोंड बांधले आणि पिशवी पाण्यात ठेवली. ती फुगून टम्म झाली. आपल्या घरातील माता-भगिनींना मात्र हे ज्ञान त्याआधी कितीतरी शतके होते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मीठ बाहेर, पाणी आत. तहानलेले मीठ फोडीतील पाणी पटलातून बाहेर खेचते. बरणीत चुकून शिरलेल्या सूक्ष्म जंतूंचेही हेच होते. त्यांच्या इवल्याशा देहातील पाणी निघून जाते आणि ते वाढू शकत नाहीत. मुरांब्यात हेच काम साखर करते. उलट, मनुका रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी टपोऱ्या होतात. लोणच्याची बरणी आणि मनुकांची वाटी या तर्षणाच्या दोन बाजू आहेत.

या ठिकाणी संगीताच्या या नगरीत एक आडवाट घेण्याचा मोह मला आवरत नाही. तबल्याची पुडी हेही एक पटलच. ते पदार्थाला जाऊ देत नाही, पण कंप पुढे पाठवते. नुसत्या ताणलेल्या चामड्यातून मूळ स्वराबरोबर जे उपस्वर निघतात ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलाचा आवाज सुरात लावता येत नाही. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आपल्या एका सहकाऱ्यासमवेत दाखवून दिले की, आपल्या वाद्यांवरील शाईच्या थरामुळे हे उपस्वर मूळ स्वराच्या साध्या पटींत येऊन बसतात. म्हणजे आपल्या अनामिक कारागिरांनी चामड्यालाही निवड करायला शिकविले होते!

आता पेशीकडे वळू. पेशीचे पटल मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाहूनही पातळ असते. ते कशाचे बनले आहे, हे हॉलंडमधील खोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी १९२५ साली फार सुंदर रीतीने शोधले. त्यांनी रक्तातील तांबड्या पेशी घेतल्या, त्यांतील मेदद्रव्य वेगळे केले आणि ते पाण्यावर एका रेणूच्या जाडीइतके पसरू दिले. त्या तवंगाचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. अर्थ सरळ होता, पटल दुपदरी आहे. पुढे असे आढळले की त्यांच्या मापनात दोन चुका होत्या. मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशीचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि उत्तर बरोबर आले. विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत असा भरवसा धरू नका!

या दुपदरी मेदाच्या थरात प्रथिनांचे रेणू तरंगत असतात, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडले. सरांनी म्हटलेला ‘दारावरचा माणूस’ म्हणजे ही प्रथिने. तो माणूस किती चाणाक्ष असावा? सोडियमचा आयन पोटॅशियमच्या आयनाहून लहान असतो. तरीही पोटॅशियमच्या वाटेने पोटॅशियम सुरळीत जातो आणि लहान असलेला सोडियम अडतो. चाळणीच्या न्यायाने याचा उलगडा होत नाही. आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते. ते उतरवून आत शिरताना पोटॅशियमला वाटेतील अणू नेमक्या अंतरावर आधार देतात. सोडियमला तो आधार पुरत नाही. हे कोडे रॉडरिक मॅकिनन यांनी सोडविले. पाण्यासाठीही स्वतंत्र वाट आहे, हे पीटर ॲग्र यांनी १९९२ साली सिद्ध केले. त्यांनी बेडकाच्या अंड्यांत ते प्रथिन तयार करविले. साध्या पाण्यात ठेवताच ती अंडी फुगली आणि फुटली. ज्यांत ते प्रथिन नव्हते ती तशीच राहिली. या दोघांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मला घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

१९६४ च्या मे महिन्यात आम्ही आजोळी गेलो होतो. माझी धाकटी बहीण तेव्हा तीन वर्षांची होती. तिला जुलाब सुरू झाले. घरातील वडीलधाऱ्यांची समजूत त्या काळच्या असंख्य घरांत होती तीच होती. पोटात गेलेले पाणी ठरत नाही, तेव्हा पाणी देऊ नये. पोटाला विश्रांती द्यावी. ती “आई, पानी” असे म्हणत राहिली आणि आई पदराच्या टोकाने तिचे ओठ ओले करीत राहिली. तालुक्याच्या गावी सलाइन होते, बैलगाडीने तेथे पोहोचायला सहा तास लागले. वाटेतच ती गेली. यात कोणाचा दोष होता, असे मी म्हणणार नाही. आईच्या हातून जे झाले ते मायेनेच झाले. तिला जे ठाऊक नव्हते ते त्या वेळी गावात कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यानंतर तीन वर्षांनी मी सरांचा बटाटा पाहिला. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला मला आणखी वीस वर्षे लागली.

पटकीसारख्या रोगात काय घडते ते पाहा. पटकीच्या जंतूचे विष आतड्याच्या पेशींवर काम करते, हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखविले. हे विष पेशींच्या पटलावरील क्षारांची एक वाट उघडी करून टाकते. क्षार आतड्याच्या पोकळीत वाहू लागतात आणि त्यांच्यामागोमाग, तर्षणाच्या नियमाने, शरीरातील पाणी. मोठ्या माणसाच्या देहातून एका दिवसात दहा लिटरांहून अधिक पाणी जाऊ शकते. नुसते पाणी पाजले तर ते पुरेसे शोषले जात नाही, आणि गेलेले क्षारही भरून निघत नाहीत. वडीलधाऱ्यांचे निरीक्षण अगदीच खोटे नव्हते. त्यावरून काढलेला निष्कर्ष प्राणघातक होता.

कारण त्याच पटलावर दुसरी एक वाट असते आणि रोगाने ती बंद पडत नाही. ही वाट जोडीने येणाऱ्यांनाच आत घेते. ग्लुकोज एकटे आले तर तिथे थांबते. सोडियमबरोबर आले की दोघेही आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. म्हणून पाण्यात मीठ हवे, आणि मिठाला आत नेण्यासाठी साखर हवी. हे तत्त्व रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथील एका परिषदेत मांडले ते १९६० साली. साल लक्षात घ्या. माझ्या बहिणीच्या मृत्यूपूर्वी चार वर्षे हे ज्ञान जगात होते. ते आमच्या आजोळच्या उंबरठ्यापर्यंत आले नव्हते.

ते अशा उंबरठ्यांपर्यंत आणण्याचे मोठे श्रेय डॉ. दिलीप महालनबीस यांचे आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. रुग्ण जमिनीवर दाटीने पडलेले, आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपलेले. महालनबीसांनी ग्लुकोज, साधे मीठ आणि खाण्याचा सोडा यांची मोजून पुडकी बांधविली. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा. हे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते या उपचाराखालील रुग्णांत शेकडा ४ च्याही खाली आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या तत्त्वाच्या शोधाची गणना शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. महालनबीस २०२२ साली निवर्तले. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

यातील शास्त्र समजून घेणे का आवश्यक आहे, तेही सांगतो. ओ.आर.एस.चे एक लिटरचे पुडके पेलाभर पाण्यात कालवून देणारी सुशिक्षित माणसे मी आजही पाहतो. ‘दाट दिले की लवकर गुण येईल’ अशी त्यांची समजूत असते. सरांचा बटाटा आठवा. पाक दाट असेल तर पाणी पाकाकडे जाते. फार गोड किंवा फार खारट द्रावण आतड्यात गेले तर ते शरीरातीलच पाणी बाहेर ओढते आणि मूल अधिक सुकते. गोड सरबते आणि शीतपेयेही याच कारणाने अपायकारक ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा २००२ साली आपले मूळ मिश्रण पूर्वीपेक्षा सौम्य केले. म्हणून पुडक्यावर लिहिले असेल तेवढेच पाणी मोजून घ्यावे. पुडके मिळण्यासारखे नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा घालावा, घोट घोट पाजत राहावे आणि मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

निसर्गाचा हा पडदा पाहून माणसानेही पडदे बनविले. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-एक लिटर वगळता सारा परत रक्तात घेतात. ती निकामी झाली तर काय करावे? १८६१ साली टॉमस ग्रॅहम यांनी चर्मपत्री कागदातून लहान रेणू पलीकडे जातात आणि मोठे मागे राहतात असे दाखवून या क्रियेला ‘डायलिसिस’ हे नाव दिले होते. आपण तिला अपोहन म्हणतो. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, डॉ. विलेम कोल्फ यांनी या तत्त्वावर कृत्रिम मूत्रपिंड उभारले. साहित्य काय, तर मांसाचे सॉसेज भरण्यासाठी मिळणारी सेलोफेनची नळी, लाकडी पट्ट्यांचे पिंप आणि क्षारयुक्त पाण्याची टाकी. नळीतून रक्त वाहायचे, पिंप फिरायचे आणि युरिया पडद्यातून पाण्यात उतरायचा. सुरुवातीचे बहुतेक सर्व रुग्ण दगावले. कोल्फ थांबले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली आणि त्यानंतर काही वर्षे जगली. ती शत्रूशी संगनमत केल्याच्या आरोपावरून अटकेत होती. तिला वाचवू नये, असे म्हणणारे लोक होते. डॉक्टरांनी तो भेद मानला नाही. आज रुग्णालयांत पोकळ तंतूंची जी नळकांडी दिसते तिच्यात असे हजारो सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ एक ते दोन चौरस मीटर भरते.

गुजरातच्या माणसाला जवळचा असलेला दुसरा उपयोग म्हणजे खाऱ्या पाण्याचा. तर्षणात पाणी खाऱ्या बाजूकडे ओढले जाते. खाऱ्या बाजूवर त्या ओढीहून जास्त दाब दिला तर? मग पाणी उलट फिरते आणि मीठ मागे राहते. समुद्राच्या पाण्याची ही ओढ वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २७ पट असते. एवढा भार सोसणारा, मीठ अडवणारा आणि तरीही पाणी भराभर सोडणारा पडदा मिळत नव्हता. सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी तो कॅलिफोर्नियात साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर बनविला. वर अतिशय पातळ घट्ट साय आणि खाली सच्छिद्र जाड आधार, अशी त्याची रचना होती. १९६५ साली कोअलिंगा या गावी त्यावर पाणी गोड करण्याचे केंद्र चालू झाले. आपल्याकडे १९५४ साली स्थापन झालेल्या भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने अशा पडद्यांवर मोलाचे काम केले आहे. खाऱ्या विहिरींच्या सौराष्ट्र-कच्छात या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

परंतु येथेही विवेक हवा. घरोघरी दिसणारे आर.ओ. यंत्र हेच पडद्याचे यंत्र. अनेक घरगुती यंत्रांत एक लिटर पाणी मिळविताना दोन-तीन लिटर मोरीत जाते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असलेले पाणी पिण्यास योग्य आहे. ज्यांच्या नळाला मुळातच गोडे पाणी येते त्यांनी शेजाऱ्याने घेतले म्हणून हे यंत्र घेऊ नये. आधी पाणी तपासून घ्यावे. जंतू असतील तर ते उकळूनही मरतात. पडदा निवड करतो, पण पडदा कुठे बसवायचा याची निवड आपणच करायची असते.

आता समारोप करतो. या शाळेने आम्हाला जे दिले त्याविषयी बोलताना मला पुन्हा पडदाच आठवतो. गुजराती मुलखात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. सभोवतीच्या भाषेचे शब्द, पदार्थ, सण आपण आत घेतले. आपल्या घरचे काही बाहेर दिले. आणि तरीही आपली मराठी विरघळून गेली नाही. भिंत घातली असती तर आपण गुदमरलो असतो, पडदा फाटला असता तर उकडलेल्या बटाट्यासारखी आपली गत झाली असती. ही उपमा मी याहून जास्त ताणत नाही. पडदे फार ताणू नयेत.

ज्ञानालाही वाट लागते. प्रागच्या परिषदेतून आजोळच्या ओसरीपर्यंत ते वेळेवर पोहोचले नाही. ते पोहोचविण्याचे काम सरांसारखे शिक्षक करतात. आणि त्यासाठी दोन बटाटे, एक टाचणी आणि मूठभर साखर एवढे साहित्य पुरते. म्हणून माझी चालकांना एकच विनंती आहे. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मीठ-साखर-पाणी मोजून करता आले पाहिजे, आणि ते असेच का करायचे हेही सांगता आले पाहिजे. दरवर्षी सरांच्या स्मृतिदिनी एका वर्गाने हा पाठ केला तर त्यांचे स्मरण या पुस्तिकेहून अधिक काळ टिकेल.